हिरवळीतले मातीचे ढीग: मोलचा बंदोबस्त, पायरी पायरीने

काल संध्याकाळी कापून एकसारखी केलेली हिरवळ, आणि सकाळी तिच्यावर मातीचे पाच-सहा ताजे ढीग. मधूनच एक फुगीर रेघ, जमिनीखालून कुणी बोट फिरवत गेल्यासारखी. तिच्यावर पाय ठेवला की माती भसकन आत बसते. हे पाहिल्यावर पहिला हात जातो तो औषधाच्या डब्याकडे किंवा पाण्याच्या नळीकडे. माझाही गेला होता. पण हे काम जमिनीकडे नीट बघितल्याशिवाय होत नाही, आणि बघायला दोन दिवस दिले तर पुढचे दोन महिने वाचतात. म्हणून हा लेख उपायांपासून सुरू न करता हे ढीग घालणाऱ्या मोल (mole) या प्राण्यापासून सुरू करतो.

पायरी 1: ढीग नक्की कुणाचा?

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजी शब्दकोशांतून मोलसाठी 'चिचुंद्री' हा शब्द सापडतो, पण चिचुंद्री वेगळी. ती घराच्या कडेकडेने पळते, झुरळं खाते, उग्र वास सोडते, आणि हिरवळीत असे ढीग घालत नाही. मोल हा जमिनीखालीच जगणारा प्राणी. म्हणून इथे मोलला मोलच म्हणतो.

मोल युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या बऱ्याच भागांत आहेत. आयर्लंडमध्ये नाहीत, दक्षिण अमेरिकेत नाहीत. भारतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगराळ भागात आहेत. त्यामुळे दख्खनच्या पठारावर अंगणात मातीचा ढीग दिसला तर तो मोलचा नाही, बहुतेक घुशीचा उकीर आहे. घूस हा उंदरांच्या कुळातला, धान्य, कंद आणि मुळं खाणारा प्राणी. तिचा बंदोबस्त पूर्णपणे वेगळा, आणि पुढचं काहीही तिला लागू पडणार नाही.

जिथे मोल आहेत तिथेही ढिगारे घालणारे इतर असतात. मोलचा ढीग गोल असतो, छोट्या ज्वालामुखीसारखा. माती मधून वर ढकललेली असते आणि भोक उघडं दिसत नाही. उत्तर अमेरिकेतला गोफर पंख्यासारखा एका बाजूला पसरलेला ढीग घालतो आणि त्याच्या कडेला मातीचं बूच असतं. व्होल, म्हणजे आखूड शेपटीचा रानउंदीर, ढीग जवळजवळ घालतच नाही. त्याची तीन-चार सेंटिमीटरची उघडी भोकं आणि गवतातून ये-जा करून झालेल्या उघड्या वाटा दिसतात.

हा फरक फार महत्त्वाचा, कारण मोल झाडं खात नाही. कुरतडलेला कंद, सोललेलं बुंध्याचं साल, मुळापासून तुटलेलं रोप असं काही दिसत असेल तर गुन्हेगार व्होल, गोफर किंवा उंदीर. व्होल मोलच्या तयार भुयारातून फिरतो, कंद फस्त करतो आणि आळ मोलवर येतो. अशा वेळी मोल पकडूनही कंद जातच राहतात.

पायरी 2: तो जगतो कसा, हे समजून घ्या

युरोपातला मोल जेमतेम 12 ते 16 सेंटिमीटर लांबीचा आणि साधारण 100 ग्रॅम वजनाचा. उंदराच्या जातीचा नाही, कीटक आणि गांडुळं खाणाऱ्या गटातला. पुढचे पंजे फावड्यासारखे बाहेर वळलेले, आणि अंगठ्याशेजारी एक जादा हाड, ज्याने पंजा आणखी रुंद होतो. अंगावरचे केस मखमलीसारखे, कुठल्याही दिशेला लवणारे, म्हणून अरुंद भुयारात त्याला मागेही सहज सरकता येतं. रोज तो स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास खातो. मुख्य खाणं गांडूळ, सोबत हुमणी आणि इतर अळ्या. त्याच्या लाळेत गांडूळ बधिर करणारं विष असतं. अशी जिवंत पण हलू न शकणारी गांडुळं तो भुयारातल्या कोठारात साठवून ठेवतो.

आता बागकामाच्या दृष्टीने कळीची गोष्ट. त्याची भुयारं दोन प्रकारची असतात. जमिनीच्या अगदी वरच्या थरात, गवताखालून फुगीर रेघ काढत जाणारी भुयारं ही खाणं शोधायच्या फेऱ्या. त्यांतली कित्येक तो एकदाच वापरतो आणि पुन्हा तिकडे फिरकतही नाही. दुसरी खोल आणि कायमची वाट. ती बहुधा सरळ जाते आणि भिंत, कुंपण, फरसबंदी किंवा वाफ्याची कड धरून असते. घरट्यापासून खाण्याच्या जागेपर्यंत तो हिच्यातून दिवसातून अनेकदा ये-जा करतो. ढीग येतात ते ही खोल वाट खणताना निघालेल्या मातीचे. ज्या कुणाचा सापळा आठवडाभर रिकामा राहतो, त्याने तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या भुयारात लावलेला असतो.

मोल एकटा राहतो. दहा-पंधरा ढीग पाहून बागेत टोळी उतरली असं वाटतं, पण घराच्या साधारण बागेत बहुधा एकच, फार तर दोन असतात. मऊ मातीत तो तासाला सुमारे 4 मीटर भुयार काढू शकतो, त्यामुळे एकट्याचं कामही भलतंच दिसतं. रात्री जागून पहारा देण्यातही अर्थ नाही. साधारण चार तास काम आणि चार तास झोप असा त्याचा क्रम दिवसरात्र चालू असतो, आणि हिवाळ्यातही तो शीतनिद्रेत जात नाही. थंडी सरता सरता नर माद्यांच्या शोधात लांब भुयारं काढतात. तेव्हा ढीग एकदम वाढतात. वसंतात पिल्लं होतात, वर्षातून बहुधा एकदाच, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई त्यांना हुसकावते. रिकामी झालेली वाट नव्या मोलला लगेच सापडते ती अशा वेळी.

पायरी 3: काही करायलाच हवं का?

हा प्रश्न मी मनापासून विचारतो. मोल मातीत हवा खेळवतो, हुमणी आणि गवताची मुळं खाणाऱ्या अळ्या मटकावतो. तो आहे याचा अर्थ तुमच्या मातीत गांडुळं भरपूर आहेत, आणि हे बागेच्या तब्येतीचं चांगलं लक्षण आहे. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, झाडांखाली, रानगवतात तो असेल तर त्याला तिथे राहू द्यावं. फेब्रुवारी-मार्चमधला नराचा धुमाकूळ बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. तेवढा काळ ढीग पसरवून टाकत राहणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

मात्र काही ठिकाणी गप्प बसून चालत नाही. नुकतीच पेरलेली किंवा अंथरलेली हिरवळ, भाजीची कोवळी रोपं जिथे मुळांखाली पोकळी होऊन ती सुकतात, मुलं किंवा वयस्कर माणसं चालतात ती जागा. पाय आत जाऊन घोटा मुरगळणं ही काल्पनिक भीती नाही. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा मोलच्या उकरलेल्या जागी अडखळला, राजाची गळ्याजवळची हासळी मोडली आणि त्या आजारपणात मार्च 1702 मध्ये तो गेला. त्याच्या विरोधकांनी पुढे 'काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्थाच्या', म्हणजे त्या मोलच्या, नावाने पेले उंचावले.

पायरी 4: कायदा बघा, मगच हत्यार उचला

जर्मनीत मोल संरक्षित आहे. परवानगीशिवाय त्याला पकडणं, इजा करणं किंवा मारणं गुन्हा आहे, आणि दंड मोठा होऊ शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2000 साली मतदारांनी शरीर जखडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली. मोलचे नेहमीचे सापळे त्यात येतात. ब्रिटनमध्ये सापळा लावता येतो, पण पूर्वी वापरलं जाणारं स्ट्रिक्निन हे विष 2006 पासून बंद आहे. तुम्ही जिथे राहता तिथला नियम स्थानिक वन्यजीव किंवा शेती खात्याकडे विचारून घ्या. सापळा दुकानात विकत मिळतो म्हणजे तो तुमच्या बागेत लावणं कायदेशीर आहे, असं धरून चालू नका.

पायरी 5: चालू वाट शोधा

सगळं यश या पायरीवर आहे, म्हणून हिला सर्वांत जास्त वेळ द्या.

पहिल्या दिवशी सगळे ढीग दाताळ्याने पसरवून सपाट करा. फुगीर रेघांवर दर दोन-तीन मीटरवर फक्त टाचेच्या रुंदीएवढी माती दाबा. संपूर्ण रेघ तुडवू नका, कारण तुम्हाला मोलला हाकलायचं नाही, त्याने कुठली वाट दुरुस्त केली ते पाहायचं आहे. दाबलेल्या प्रत्येक जागी काडी रोवा. चोवीस तासांनी फिरून या. जिथे माती परत वर उचलली गेली आहे ती वाट चालू. अठ्ठेचाळीस तासांनीही जिथे हालचाल नाही ती सोडून द्या. शक्य असेल तर हे दोनदा करा. दोन्ही वेळा उचलली गेलेली जागा म्हणजे कायमचा रस्ता.

नुसतेच ढीग असतील आणि रेघा दिसत नसतील, तर खोल वाट सळईने शोधावी लागते. बोटाएवढ्या जाडीची, टोक बोथट असलेली सळई घ्या. सर्वांत ताजे, ओलसर मातीचे दोन ढीग निवडा आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात दर पाच सेंटिमीटरवर सळई हळू दाबत जा. ढिगाच्या बरोबर खाली शोधू नका. माती वर ढकलायची नळी बऱ्याचदा तिरकी असते आणि मुख्य भुयार बाजूने जातं. सळई एका जोराने आत जात असते आणि अचानक पाच-सात सेंटिमीटर अलगद खाली पडते, तिथे पोकळी आहे. खोली बहुधा 10 ते 20 सेंटिमीटर निघते. शेजारी आणखी दोन ठिकाणी तीच पोकळी सापडली की भुयाराची दिशा कळते. पाऊस पडून गेल्यावर हे काम करा. सुकून टणक झालेल्या जमिनीत हाताला काही जाणवत नाही.

कुंपणाच्या खालून, पायवाटेच्या काठाने आणि दोन वाफ्यांच्या मधून जाणारी वाट सापडली तर तीच पहिली पसंती. तिथे मोल हिरवळीपेक्षा जास्त वेळा येतो.

पायरी 6: सापळा

जिथे परवानगी आहे तिथे सापळा हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मला प्राणी मारणं आवडत नाही. पण विषाने तासन्‌तास तडफडण्यापेक्षा नीट लावलेला सापळा कमी त्रासाचा, हे मान्य करावं लागतं. प्रकार मुख्यतः दोन. कात्रीसारख्या जबड्यांचा सापळा खोल भुयारात बसतो. भाल्यासारखे दाते वरून खाली सोडणारा सापळा वरच्या, पण चालू ठरलेल्या भुयारावर लावतात.

कात्री सापळ्यासाठी भुयारावरचं गवत मातीच्या वडीसह चौकोनी कापून बाजूला ठेवा. खड्डा सापळ्यापेक्षा मोठा करू नका. भुयारात पडलेली सैल माती हाताने काढा आणि तळ खुरप्याच्या मुठीने ठोकून पक्का करा. तळ भुसभुशीत राहिला तर मोल सापळ्याखालून नवी वाट काढतो. जबडे भुयाराच्या दिशेला अचूक यायला हवेत, म्हणजे दोन्हीकडून येणारा मोल सरळ त्यांतून जाईल. मग भोवतीच्या फटी मातीने आणि गवताच्या वडीने बुजवा. आत उजेड किंवा वारा शिरला की मोल तिथे माती कोंबतो. वर बादली उपडी घालून तिच्यावर दगड ठेवा, मुलं आणि पाळीव प्राणी दूर राहतील.

भाला सापळा सोपा आहे. चालू रेघ हाताने थोडी दाबा, सापळ्याचे पाय दोन्ही बाजूंना रोवा आणि चाप दाबलेल्या मातीला जेमतेम टेकवा. मोल ती माती उचलायला येतो आणि चाप सुटतो. दोन्ही प्रकारांच्या स्प्रिंगा बोट मोडण्याइतक्या जोरकस असतात. सापळा बसेपर्यंत कडी काढू नका.

हातमोजे घाला, धार असलेल्या लोखंडासाठी आणि मातीतल्या जंतूंसाठीही. सकाळ-संध्याकाळ सापळा पाहणं सक्तीचं समजा. दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर जागा बदला. सापळा मातीने गच्च भरलेला आढळला तर वाट बरोबर आहे पण बसवणं चुकलं आहे. साफ करून पुन्हा लावा, किंवा त्याच वाटेवर मीटरभर पुढे सरका. एकाच वाटेवर एका वेळी दोन सापळे ठेवले तर काम लवकर होतं.

जिवंत पकडणारे नळीसापळेही मिळतात. ते वापरायचे असतील तर जबाबदारी वाढते. मोलला सतत खाणं लागतं, काही तास उपाशी राहिला तर तो मरतो. म्हणून असा सापळा दर दोन-तीन तासांनी पाहता येत असेल तरच लावा. पकडलेला मोल दुसरीकडे सोडायला काही ठिकाणी बंदी आहे, हेही आधी विचारून घ्या.

पायरी 7: जाळी

नवी हिरवळ किंवा नवा वाफा करायचाच असेल तर तेव्हाच जाळी घाला. नंतर पस्तावून सगळं उकरावं लागतं. उंच वाफ्याच्या तळाला 12 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची जस्त चढवलेली जाळी पसरून कडा वर दुमडल्या की काम झालं. वाफ्याभोवती उभी जाळी घालायची तर चर सुमारे 60 सेंटिमीटर खोल हवा, आणि जाळीचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवलेलं हवं. जमिनीच्या वर बोटभर जाळी राहू द्या. हिरवळ अंथरताना गवताच्या खाली सपाट टाकायची जाळीही असते. ती ढीग वर येणं थांबवते, खालून जाणारा मोल मात्र राहतोच. मोठ्या बागेला सगळीकडून जाळी घालणं खर्चाला आणि कष्टाला परवडत नाही. ज्याला जपायचं आहे तेवढ्यालाच घाला.

पायरी 8: पाणी, अळ्या आणि एरंडेल

रोज थोडं थोडं पाणी घातलं की गांडुळं वरच्या थरात राहतात आणि त्यांच्यामागे मोलही. हिरवळीला आठवड्यात एक-दोनदा, पण खोलवर पाणी द्या. मोल यामुळे निघून जाईल असं नाही, वरच्या थरातल्या रेघा कमी होतात.

हुमणी मारली की मोल जाईल, हा सल्ला खूप ऐकू येतो. हुमणी गवत खात असेल तर तिचा बंदोबस्त गवतासाठी करा. मोलचं मुख्य अन्न गांडूळ असल्यामुळे तो केवळ त्याने हटत नाही, उलट आधी काही दिवस शोधात जास्त उकरतो. आणि गांडुळं मारायचा विचार तर मनातही आणू नका.

वासाने दूर ठेवणाऱ्या गोष्टींमध्ये एरंडेल तेलाची तयार द्रावणं थोडीफार कामाची आहेत. परिणाम काही आठवड्यांपुरता. जमीन आधी भिजवा, डब्यावर लिहिलेल्या मात्रेत द्रावण फवारा आणि परत पाणी द्या म्हणजे ते खाली मुरेल. घराकडून सुरुवात करून पट्ट्या-पट्ट्यांनी बाहेरच्या बाजूला सरका. चारही बाजूंनी एकदम फवारलं तर मोल मध्येच अडकतो.

हे करू नका

भुयारात पाणी सोडणं व्यर्थ आहे. मोल उत्तम पोहतो, भुयारं खोल आणि लांब असतात, आणि हिरवळ मात्र खचते. काही जण भुयारात टाकायला सांगतात ते च्युइंग गम तो खातच नाही, तसंच धान्यात कालवलेलं विषही. कंपन किंवा आवाज करणाऱ्या खुंट्यांचा भरवसा वाटावा असा पुरावा नाही. बॅटरीवर चालणाऱ्या खुंटीला लागूनच ताजा ढीग मी पाहिलेला आहे.

काही उपाय निव्वळ घातक आहेत. डांबराच्या गोळ्या माती आणि पाणी विषारी करतात. काचा, ब्लेड, काटेरी फांद्या पुढच्या वर्षी तुमच्याच हाताला लागतात आणि मोल जखमी होऊन सावकाश मरतो. गाडीचा धूर भुयारात सोडल्याने माणसं गुदमरू शकतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसाचाही जीव घेतो, आणि घराजवळच्या जमिनीत कुठे पोचेल याचा अंदाज येत नाही. हे काम फक्त परवानाधारकाचं. गांडुळाच्या आकाराची विषारी आमिषं काही देशांत मिळतात. ती चालू भुयारात खोल ठेवली तर कधीकधी लागू पडतात, पण कुत्रा-मांजर असलेल्या घरात मी त्यांचा सल्ला देणार नाही.

पायरी 9: हिरवळ पूर्ववत करा

ढीग कधीही तुडवू नका. तुडवला की खालचं गवत गुदमरून पिवळं चट्टं पडतं आणि उकरलेल्या मातीतलं तणाचं बी तिथेच रुजतं. माती कोरडी असताना फावड्याने उचला, उरलेली खराट्याने पसरवा. ही माती भुसभुशीत आणि गाळल्यासारखी असते. कुंडीच्या मिश्रणाला ती फार चांगली, तण उगवेल तेवढं उपटत राहा. गवत कापण्याआधी ढीग काढायला विसरू नका, त्यातल्या खड्यांनी यंत्राचं पातं बोथट होतं आणि खडा उडून लागतोही.

फुगीर रेघा पायाने किंवा हलक्या रोलरने दाबा आणि लगेच भरपूर पाणी द्या. गवत मेलेलं नसतं, मुळं हवेत लोंबकळत असतात. दोन दिवसांत ती मातीला पुन्हा धरली तर रेघ पिवळी न पडता मिटते. वाफ्यातल्या रोपांच्या बुंध्याशीही असंच हाताने चेपून पाणी घाला.

खोल भुयार खचून खळगा पडला असेल तर गवताची वडी कापून उलटा, खाली माती भरून ठोका आणि वडी परत बसवा. मोल गेल्यावर कुंपणाजवळची त्याची मुख्य वाट निदान दोन ठिकाणी खणून, माती ठासून बंद करा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आईने हुसकावलेली पिल्लं अशीच रिकामी वाट शोधत असतात. तेव्हा आठवड्यातून एकदा टाचेने दाबून बघण्याची सवय चालू ठेवा.